कडबा कुठल्या रकान्यात लिहायचा?



ज्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पहिल्यांदा शेतात नेलं ते १९८४च्या जानेवारीत. मी शेतकऱ्याच्याच घरची. खुरपणीला, वेचणीला लहानपणापासून गेलेली. पण भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून शेतात गेले की आपल्याच रानात आपण परक्यासारखे प्रश्न विचारू लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. माण तालुक्यातलं गाव होतं. ज्वारी हुरड्यात आलेली. माझ्या हातात छापील प्रश्नावली होती: एकूण क्षेत्र, बागायत किती, जिरायत किती, पिकाचं नाव, बियाणं कुठलं, उत्पन्न किती क्विंटल. बांधावर बसलेल्या एका म्हातारीला मी ओळीनं विचारत गेले आणि ती न कंटाळता सांगत गेली. मी कागद मिटला तेव्हा ती म्हणाली, "आन् कडबा कुठं लिहिलास, बाई?"

मी म्हटलं, "आजी, त्याला रकाना नाही."

"मग निम्मं रान राहिलं की गं लिहायचं."

सर तेव्हा काही बोलले नाहीत. परतताना एस.टी.त त्यांनी माझ्याकडून प्रश्नावल्यांचा गठ्ठा मागून घेतला आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं उभी रेघ मारून एक रकाना वाढवला. गाडी हलत होती, रेघा वाकड्या आल्या. आज मला त्या रकान्याबद्दलच बोलायचं आहे.

रब्बी ज्वारीचा पट्टा म्हणजे माण, खटाव, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, बार्शी आणि तिथून पुढं मराठवाडा. या सगळ्या मुलखात जनावर ज्वारीच्या जिवावर जगतं. मालदांडी ही इथली ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते. तिचं धाट गोड असतं, पान रुंद असतं. काढणीला ती मुळासकट उपटतात, पेंढ्या बांधतात, बायका बसून कणसं मोडतात आणि उरतो तो कडबा. तो शेकड्यानं विकला जातो. दुष्काळाच्या साली धान्यापेक्षा कडब्याला जास्त पैसे आलेले मी स्वतः पाहिले आहेत. बैलजोडी जगली तर पुढची पेरणी होते. गाय जगली तर घरात दूध राहतं, शेण राहतं, आणि शेण राहिलं तरच रानाला खत मिळतं. म्हणजे ज्वारीच्या एका ताटातून माणूस, जनावर आणि जमीन असे तीन जीव जेवतात. आपली पिकांची आकडेवारी त्यांपैकी एकाचंच जेवण मोजते.

या चुकीची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. १९६४मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली. दाण्याचं उत्पन्न खरोखरच वाढलं आणि ज्या काळात देश परदेशी धान्याच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. त्या शास्त्रज्ञांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण वाण बुटका होता, कडबा थोडा येई, काढणीच्या वेळी पाऊस आला तर दाणा काळा पडे आणि त्या दाण्याची भाकरी लोकांच्या पसंतीला उतरली नाही. खरिपात तो पसरला. रब्बीच्या पट्ट्यात मात्र शेतकरी मोहोळच्या केंद्रात निवडून काढलेल्या मालदांडी ३५-१ ला धरून राहिला, आणि पुढची कित्येक दशकं धरून राहिला. बाहेरच्यांनी त्याला मागासलेपणा म्हटलं. माझ्या मते तो हिशेब होता, आणि म्हातारीच्या रकान्यासह केलेला पुरा हिशेब होता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला त्या बांधाची आठवण झाली.

आता माझ्या स्वतःच्या प्रबंधाबद्दल सांगते, कारण विद्यार्थ्यांसमोर ते सांगणं मला आवश्यक वाटतं.

आपल्या विद्यापीठांतून कृषी भूगोलावर शेकडो प्रबंध झाले. त्यांतल्या बऱ्याच प्रबंधांचा सांगाडा एकच असतो. जिल्हा घ्यायचा, तालुकावार पिकांखालचं क्षेत्र घ्यायचं आणि वीव्हर यांच्या पद्धतीनं पीकसंयोजन काढायचं. जे. सी. वीव्हर यांनी ही पद्धत १९५४ मध्ये अमेरिकेच्या मध्यपश्चिमेसाठी मांडली. कल्पना सुंदर आहे. एखाद्या भागात एकच पीक असेल तर त्याचा वाटा शंभर टक्के असायला हवा, दोन असतील तर पन्नास-पन्नास, तीन असतील तर प्रत्येकी तेहतीस. प्रत्यक्षातले आकडे यांपैकी कुठल्या आदर्श वाटणीच्या सर्वांत जवळ जातात ते पाहायचं आणि त्या भागाला तेवढ्या पिकांचा प्रदेश म्हणायचं. जिथं मैलोन्‌मैल मका, सोयाबीन, गहू असे सरळ सोट पट्टे आहेत तिथं ही पद्धत बोलकी ठरते.

मी ती आमच्या जिल्ह्याला लावली. माणचं उत्तर आलं: ज्वारी-बाजरी. मी तक्ता भरला, नकाशा रंगवला, पदवी मिळाली. पण ज्या रानात मी वाढले त्यात ज्वारीच्या ओळींमधून करडईचे पाटे होते, कडेला जवस होता, हरभरा होता. खरिपात बाजरीत तूर, मटकी, हुलगा असे. त्या ज्वारीच्या रानातून घराला भाकरी, तेल आणि कोरड्यास असं सगळं मिळे. माझ्या नकाशात यातलं काहीच उतरलं नाही. गंमत म्हणजे गावच्या दप्तरात ते होतं! सातबाऱ्यातल्या गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकांसाठी वेगळे रकाने आहेत. तलाठ्यानं नीट पाहणी केली असेल तर त्यात घटक पिकं लिहिलेली सापडतात. गावाचा कागद तालुक्याच्या गोषवाऱ्यात जाताना ती विरतात आणि आम्ही संशोधक गोषवाऱ्यापासून सुरुवात करतो. आम्ही एक पायरी खाली उतरलो असतो तर मटकी सापडली असती.

२०२१पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करता येते. तरुण संशोधकांनी या नोंदींकडे डोळे उघडे ठेवून पाहावं. कोण नोंदवतं, कुठलं पीक नोंदवायचं राहतं, घरातल्या बाईनं बांधावर लावलेला घेवडा त्यात येतो का, हे शोधणं हासुद्धा भूगोलच आहे.

आपल्याकडे खाली उतरून पाहण्याची परंपरा नव्हती असं मात्र कुणी समजू नये. ती होती, आणि पुण्याच्या आसपासच होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एकाच गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हे पुस्तक काढलं. गावातल्या जमिनीचे तुकडे त्यांनी एकेक करून मोजले. सरासरी खातं १७७१ मध्ये चाळीस एकरांचं होतं, ते १९१५ पर्यंत सात एकरांवर आलं, हा त्यांचा निष्कर्ष पुढं देशभर सांगितला गेला. त्यानंतर नारायण कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा अभ्यास केला, तो १९२१ मध्ये आला. पुढं गोखले अर्थशास्त्र संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली, ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. यांतले मान रसायनशास्त्रज्ञ, कानिटकर कृषिशास्त्रज्ञ, गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ. भूगोलज्ञ एकही नाही, पण मी विद्यार्थ्यांना भूगोलाचे धडे म्हणून ही तीन पुस्तकं देत आले. आमच्या विषयात चं. धुं. देशपांडे यांचं पश्चिम भारताच्या प्रादेशिक भूगोलावरचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. त्यांनीही जमिनीकडे पाहायला पायी फिरण्याचीच शिकवण दिली.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडमध्ये आहे. मान यांनी जिथं तुकडे मोजले तिथं आता उंच इमारती आहेत. मी एका वर्षी मुलांना तिथं नेलं. पुस्तकातला जुना नकाशा हातात, समोर वाहनतळ. एका मुलानं विचारलं, "मॅडम, इथल्या लोकांचं धान्य आता कुठून येतं?" त्या वर्षीचा सगळा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नाभोवती उभा राहिला.

कानिटकरांबद्दल आणखी थोडं बोलल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. १९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं, तिथं त्यांनी काम उभं केलं. पडलेला पाऊस रानातच कसा मुरवायचा, मुरलेला कसा टिकवायचा, हा एकच प्रश्न. बांधबंदिस्ती, दोन ओळींत जास्त अंतर, बी कमी आणि पुन्हा पुन्हा कोळपणी, ही त्यांनी घालून दिलेली रीत 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून ओळखली गेली. रब्बीत काळ्या रानाला भेगा पडतात आणि भेगांतून ओल उडून जाते. कोळप्यानं भेगा बुजवल्या की ओल राहते. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं शेतकरी म्हणतच होते. कानिटकरांच्या केंद्रात ती ओल मोजली गेली. शेतकऱ्याच्या म्हणीला मोजमाप मिळणं हे मला संशोधनाचं फार चांगलं रूप वाटतं. त्यात कुणी कुणाला अडाणी ठरवत नाही.

'वाफसा' हा शब्द घ्या. पाऊस पडून गेल्यावर रान चिखलाचं राहत नाही आणि कोरडंही पडत नाही, ढेकूळ हातात धरून दाबलं तर सहज फुटतं, कुळव चालतो, बी टाकता येतं, ती अवस्था म्हणजे वाफसा. तो काळ्या रानात उशिरा येतो, मुरमाड रानात लवकर येतो, एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या दिवशी येतो. कित्येक वर्षं मी पदवीच्या वर्गाला मृदेचे प्रकार शिकवले, पण वाफसा शिकवला नाही. तो शब्द वर्गातल्या प्रत्येक मुलाला येत होता आणि त्यांपैकी एकालाही तो उत्तरपत्रिकेत लिहिता येईल असं वाटत नव्हतं. ही गोष्ट लक्षात आल्यावर मला झोप लागली नाही.

आमचा सातारा जिल्हा शिकवायला फार उदार आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट उतरून बत्तीस किलोमीटरवर वाई लागते, तिथं तो आठशेच्या आतबाहेर येतो. तसंच पूर्वेला दहिवडीपर्यंत गेलात की पाचशेच्या आसपास. तोही मृगात येईलच असा भरवसा नाही, उत्तरा-हस्तात पडला तर रब्बी. पर्जन्यछाया हा शब्द पाठ्यपुस्तकात डोंगराच्या आकृतीसह असतो. एका बाजूला ढग, दुसऱ्या बाजूला उन्हाचे बाण. मी ती आकृती फळ्यावर काढायची बंद केली आणि मुलांना चार ठिकाणची चार जेवणं मांडायला सांगितलं. जावळीच्या डोंगरात उतारावरची नाचणी आणि वरी, खाचरातला भात, राब भाजून केलेली दाढ. वाईला कृष्णेकाठी हळद, ऊस, गहू. कोरेगावच्या बाजूला वाघ्या घेवडा. माणला भाकरी, हुलग्याचं माडगं, ठेचा. डोंगराची सावली पानात दिसायला लागली की ती विसरली जात नाही.

आणि त्याच डोंगरावर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही आहे. तिलाही २०१० मध्ये मानांकन मिळालं. तिची मातृरोपं परदेशातून येतात, फळ मुंबईला जातं आणि पिकवणाऱ्याच्या घरी ताटात ती क्वचितच असते. नाचणी पानात पडते आणि स्ट्रॉबेरी पेटीत भरली जाते, हा फरक एका मुलीनं आपल्या वहीत नोंदवला होता. मला तो जर्मनीच्या फोन थ्यूनेनच्या वर्तुळांपेक्षा जास्त शिकवून गेला. थ्यूनेननं १८२६ मध्ये शहराभोवती दूध-भाजीचं, लाकडाचं, धान्याचं अशी वर्तुळं मांडली, ती आम्ही शिकवतो आणि शिकवायलाच हवीत. पण त्यानंही आधी आपल्या टेलो गावच्या शेतीचे हिशेब वर्षानुवर्षं स्वतः ठेवले होते, हे वर्गात सांगायचं राहून जातं.

आता ताटाकडे येते.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आई खडी फोडायला जाई. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर लाल मिलो येई, अमेरिकेची ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. आई पाणी उकळून पीठ उकडून घ्यायची, तरी तुटायची. ज्वारीच्या मुलखात ज्वारीच आली होती आणि तरी ती आमची नव्हती. त्या चवीतून मला पहिल्यांदा कळलं की जगात दुसरीकडे दुसरी माती आहे. त्या दुष्काळाच्या कामांतून पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

रेशनचा भूगोल हा मात्र अजून कुणी नीट लिहिलेला नाही असं मला वाटतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य ठरवलं. गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये, भरड धान्य एक रुपया. २०२३ पासून ते मोफत झालं. ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार होती त्यांना या कायद्यानं आधार दिला आणि त्याच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण कायद्यात भरड धान्य लिहिलेलं असताना आमच्या भागातल्या दुकानात वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच येत राहिले. माझ्या लहानपणी चपाती सणाला होई. आता माणच्या घरात रोज चपाती आहे आणि भाकरी करायला वेळ लागतो म्हणून ती संध्याकाळी एकदाच. ज्वारी कमी खाल्ली जाते म्हणून कमी पेरली जाते, की काढणीला माणसं मिळत नाहीत म्हणून कमी पेरली जाते आणि मग कमी खाल्ली जाते? दोन्ही खरं आहे. ज्वारी उपटणं हे कंबर मोडणारं काम आहे, हाताला फोड येतात. तरुण मुलं ते करायला तयार नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही. त्याच रानात डाळिंब आलं, ठिबक आलं, पैसाही आला. मग कडबा संपला आणि गोठा रिकामा झाला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं. शहरात ज्वारीच्या पाककृती छापून आल्या. माझ्या गावात त्या वर्षी कडब्याचा ट्रॅक्टर परगावाहून आणावा लागला.

सेवानिवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी एक उपक्रम चालवला. त्याला मी 'उलटी वाट' म्हणत असे. पहिल्या वर्षाच्या मुलांनी सात दिवस घरातलं प्रत्येक जेवण लिहायचं आणि ताटातल्या प्रत्येक वस्तूपासून मागं मागं जायचं. भाकरी असेल तर ज्वारी कुठली, घरची की बाजारची, बी कुणाचं. चपाती असेल तर गहू रेशनचा की विकतचा. तेल कुठलं. या तेलापाशी सगळी वर्ग-खोली गप्प व्हायची. आजोबांच्या काळात करडई रानातली आणि घाणा शेजारच्या गावचा. आता पिशवीवर पाम तेल, म्हणजे इंडोनेशिया नाहीतर मलेशिया. तुरीच्या डाळीचा माग काढताना काही मुलं मोंढ्यावरच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि म्यानमार, मोझांबिक ही नावं घेऊन परत आली. दहावीला ही मुलं भारत आणि ब्राझीलची तुलना करणारं भूगोलाचं पुस्तक शिकून आलेली असतात. दूरचे देश त्यांना अनोळखी नव्हते. पण दूरचा देश आईच्या फोडणीत सापडल्यावर त्यांनी नकाशा वेगळ्याच डोळ्यांनी उघडला.

या उपक्रमात मला जे सर्वांत मोलाचं मिळालं ते असं. ज्या मुलांना वर्गात कधी हात वर करता आला नाही, त्यांच्या वह्या सर्वांत जाड भरल्या, कारण विचारायला घरात माणसं होती. आई, आजी, चुलती. बियाण्याबद्दल पुरुषांना विचारलं की दुकानाचं नाव सांगत, बायकांना विचारलं की गाडगं, राख आणि कडुलिंबाचा पाला निघे. देशी बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मुलाला वाटलं, आपल्या आजीचीही वही करावी. त्यानं केली. तिसरीला प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं परिसर अभ्यासाचं पुस्तक असतं. आठ वर्षांच्या मुलाला आपण त्याचा जिल्हा देतो. पुढच्या प्रत्येक इयत्तेत तो जिल्हा लहान होत जातो आणि पदवीला पोचेपर्यंत मुलाला वाटू लागतं की ज्ञान नेहमी दुसरीकडच्याच गावचं असतं. विद्यापीठांत अभ्यासक्रम ठरवणारी जी मंडळी इथं बसली आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पदवीच्या प्रत्येक वर्षी एक क्षेत्र-अभ्यास विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घरापासून सुरू होऊ द्या. त्याला गुण द्या. तिथं 'वाफसा' लिहिला तर बरोबरची खूण करा.

त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांतली एक आज बरोबर आणली आहे. या मुलीनं आजीच्या सांगण्यावरून घरच्या रानाचा नकाशा काढला. तुकड्यांना आजीनं सांगितलेली नावं आहेत: खालची मळी, बाभळीची पट्टी, निंबाचं टेक, करडीचं वावर. करडीच्या वावरात गेली बारा वर्षं डाळिंब आहे. नकाशा शाईनं पक्का करायच्या आधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, इथं काय लिहू? करडीचं वावर, का डाळिंब?" मी तिला दोन्ही लिहायला सांगितलं. तिनं पट्टी घेतली, चौकटीत आडवी रेघ मारली, वर एक नाव लिहिलं, खाली दुसरं.